पेशीपटलातून पदार्थ कसा जातो, हे कसे ठरवावे? एक टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पेशीपटलातून होणारे वहन शिकताना विसरण, सुलभ विसरण, परासरण, सक्रिय वहन, पेशीय भक्षण अशी प्रकारांची यादी प्रथम हाती येते आणि बहुतेक विद्यार्थी ती व्याख्यांसह पाठ करतात. तरीही प्रश्नपत्रिकेत एखादा अनोळखी रेणू आला किंवा प्रयोगातील आलेख देऊन ‘हे वहन कोणत्या प्रकारचे?’ असे विचारले, की गोंधळ उडतो. यादीतून प्रकारांची नावे कळतात. एखाद्या पदार्थाच्या वाट्याला नेमका तोच प्रकार का आला, हे मात्र कळत नाही. म्हणून माझ्या मते हा विषय उलट्या बाजूने शिकावा. आधी चार प्रश्न विचारावेत आणि प्रकाराचे नाव शेवटी, त्या प्रश्नांचे उत्तर म्हणून यावे. पदार्थाला पटल अडवते का? त्याची ओढ कोणत्या दिशेला आहे? त्याला वाट कोण देते? आणि ओढीच्या विरुद्ध जायचे असेल, तर त्यासाठी लागणारी ऊर्जा कोठून येते? हे प्रश्न याच क्रमाने विचारणे आवश्यक आहे, कारण या विषयातील बहुतेक चुका पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे न शोधता थेट तिसऱ्यावर किंवा चौथ्यावर उडी मारल्याने होतात.

पहिली पायरी: पटल कशाला अडवते, हे समजून घ्या

पेशीपटल हा मुख्यतः फॉस्फोलिपिड रेणूंचा दुहेरी थर असतो. प्रत्येक रेणूचे डोके जलस्नेही असते आणि त्याच्या दोन शेपट्या जलविरोधी असतात. पाण्यात हे रेणू आपोआप अशा रीतीने मांडले जातात, की डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे राहतात आणि शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींना लागून राहतात. संपूर्ण पटलाची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असते. पण अडथळा म्हणून विचार करायचा तो मधल्या, शेपट्यांच्या तेलकट भागाचा, आणि तो जेमतेम ३ ते ४ नॅनोमीटर जाडीचा असतो.

हे ज्ञान सूक्ष्मदर्शकातून नव्हे, तर रसायनांच्या वर्तनावरून प्रथम मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झुरिच येथे अर्नेस्ट ओव्हरटन यांनी वनस्पतिपेशींवर शेकडो पदार्थांचे प्रयोग केले आणि जो पदार्थ तेलात जितका अधिक विरघळतो तितका तो पेशीत लवकर शिरतो, असे दाखवून दिले. त्यावरून पेशीची सीमा तेलासारख्या पदार्थाची असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळे काढून पाण्यावर पसरवले, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणजे थर दुहेरी होता. त्यांच्या मोजमापात दोन त्रुटी होत्या, मेद पूर्ण निघाले नव्हते आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. या दोन्ही त्रुटींनी एकमेकींना भरून काढले आणि निष्कर्ष बरोबर ठरला. या दुहेरी थरात प्रथिने रुतलेली असून ती त्यात सरकू शकतात, हे आज सर्वमान्य असलेले चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले.

आता मुख्य मुद्दा पाहू. सोडियमचा आयन आकाराने अगदी लहान असतो, तरीही तो या थरातून जवळजवळ जाऊच शकत नाही. ‘लहान रेणू आरपार जातात’ हे सरसकट विधान म्हणूनच अपुरे आहे. विद्युतभारित आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट गोळा झालेले असतात, आणि तेलकट भागात शिरायचे तर हे पाणी मागे सोडावे लागते, ज्यासाठी फार मोठी ऊर्जा लागते. त्यामुळे केवळ मेदाच्या, प्रथिनविरहित थरातून पाण्याचा रेणू ज्या सहजतेने जातो, त्याच्या तुलनेत सोडियम किंवा पोटॅशियम आयनाची पारगम्यता सुमारे एक अब्ज पटींनी कमी भरते. आकार हा दुय्यम निकष आहे. ध्रुवीयता (रेणूच्या एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्याला किंचित ऋण भार असणे) आणि विद्युतभार हे पहिले.

दुसरी पायरी: पदार्थाची ओळख करून घ्या

समोरच्या पदार्थाबद्दल तीन गोष्टी लिहून काढा: त्यावर विद्युतभार आहे का, तो ध्रुवीय आहे का आणि आकाराने किती मोठा आहे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन हे अध्रुवीय लहान रेणू आहेत. ते थेट मेदथरातून विसरणाने जातात. इस्ट्रोजेन किंवा कॉर्टिसॉल यांसारखी स्टेरॉइड संप्रेरके आकाराने बरीच मोठी असूनही मेदात विरघळत असल्यामुळे आरपार जातात. पाणी, युरिया, ग्लिसरॉल हे भाररहित, ध्रुवीय आणि लहान आहेत. ते जातात, पण मंद गतीने, आणि युरिया व ग्लिसरॉल तर पाण्यापेक्षाही बरेच सावकाश. ग्लुकोजवर विद्युतभार नसतो, परंतु त्याच्या अनेक हायड्रॉक्सिल गटांमुळे तो पाण्याशी इतका बांधलेला असतो, की मेदथरातून त्याचे जाणे नगण्य ठरते. अमिनो आम्ले, सर्व आयन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) यांना तर प्रथिनाच्या मदतीवाचून वाट नाही.

येथे एक सूक्ष्म बाब अनेकदा सुटते. काही पदार्थांचा विद्युतभार कायम नसतो. तो सभोवतालच्या आम्लतेवर अवलंबून असतो. अ‍ॅस्पिरिन हे दुर्बल आम्ल आहे. जठरातील तीव्र आम्लात त्याचे बहुतेक रेणू भाररहित असतात आणि पटलातून जाऊ शकतात, पण पेशीच्या आत, जेथे पीएच ७ च्या आसपास असतो, ते भारित होतात आणि तेथेच अडकतात. अमोनियाची गोष्ट याच्या उलट आहे: भाररहित अमोनिया सहज जातो, परंतु आम्लधर्मी बाजूला त्याचा अमोनियम आयन बनला, की परतीची वाट बंद होते. म्हणून दुर्बल आम्ल किंवा दुर्बल अल्कली समोर आली, तर दोन्ही बाजूंचा पीएच पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी: ओढ कोणत्या दिशेला आहे, ते मोजा

विसरणाचा नियम अ‍ॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला: वहनाचा वेग संहतीतील फरकाच्या प्रमाणात असतो. एकेका रेणूची हालचाल दिशाहीनच असते. मात्र जेथे रेणू जास्त, तेथून निघणारेही जास्त, आणि त्यामुळे एकूण प्रवाह जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो. समतोल झाल्यावर रेणूंची ये-जा थांबत नाही, केवळ दोन्ही दिशांचा हिशेब सारखा होतो. अंतर वाढले की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. पाण्यातील लहान रेणूला १० मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीएवढे अंतर विसरणाने कापण्यास सुमारे ०.०५ सेकंद पुरतो. १ मिलिमीटरला सुमारे ८ मिनिटे लागतात, १ सेंटिमीटरला सुमारे १४ तास, आणि १ मीटरला जवळपास १६ वर्षे. पेशी सूक्ष्म का असतात आणि मोठ्या प्राण्यांना रक्ताभिसरण का लागते, याचे एक मोठे कारण या हिशेबात आहे.

पदार्थ भाररहित असेल तर दोन्ही बाजूंची संहती पाहिली, की काम झाले. आयनाच्या बाबतीत मात्र आणखी एक बल मोजावे लागते. बहुतेक प्राणिपेशींची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण असते. विश्रांत चेतापेशीत हा फरक साधारण ७० मिलिव्होल्ट असतो. त्यामुळे धन आयनांना आत ओढले जाते आणि ऋण आयनांना बाहेर ढकलले जाते. संहती आणि विद्युतबल यांची बेरीज म्हणजे विद्युत-रासायनिक उतार. आयनाची खरी ओढ तीच.

उदाहरण घेऊन पाहू. सस्तन प्राण्याच्या पेशीत पोटॅशियमची संहती सुमारे १४० मिलिमोल प्रतिलीटर असते आणि बाहेर साधारण ४ ते ५. सोडियमचे चित्र उलट आहे: बाहेर सुमारे १४५, आत ५ ते १५. ज्या व्होल्टतेला संहतीचा जोर आणि विद्युतबल एकमेकांना नेमके तोलतात, ती त्या आयनाची समतोल व्होल्टता होय. नर्न्स्ट यांच्या सूत्राने शरीराच्या तापमानाला ती एकभारित धन आयनासाठी काढायची, तर बाहेरील संहतीला आतील संहतीने भागून येणाऱ्या संख्येचा दहाच्या आधाराचा लॉगरिथम घ्यावा आणि त्याला सुमारे ६१ ने गुणावे. पोटॅशियमसाठी उत्तर सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट येते, सोडियमसाठी अधिक ६० च्या वर. आता पेशीची प्रत्यक्ष व्होल्टता उणे ७० आहे. ती पोटॅशियमच्या समतोल व्होल्टतेइतकी ऋण नाही, म्हणून विद्युतबलाने आत ओढूनही पोटॅशियमचा निव्वळ कल थोडासा बाहेर जाण्याकडे राहतो. सोडियमच्या बाबतीत दोन्ही बले एकाच दिशेने, आत ओढतात. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रक्रियेत सोडियमची ही साठवलेली ओढ कामी येते, म्हणून हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून पाहावा.

चौथी पायरी: वाट कोण देते, ते शोधा

मेदथर अडवत असेल, तर वाट प्रथिनातून जाते. ही प्रथिने दोन जातींची असतात. वाहिनी प्रथिनातून पटलाच्या आरपार जाणारा मार्ग तयार होतो. तो उघडा असेपर्यंत आयन त्यातून ओळीने जात राहतात, आणि त्यांचा वेग सेकंदाला एक कोटीपासून दहा कोटींपर्यंत जाऊ शकतो. वाहक प्रथिन मात्र पदार्थाला बांधून घेते, स्वतःचा आकार बदलते आणि दुसऱ्या बाजूला त्याला सोडते; म्हणून त्याचा वेग सेकंदाला शेकड्यांत किंवा हजारांत राहतो. वाहिनीतून जाणे नेहमीच उताराच्या दिशेने होते. वाहक मात्र उताराच्या दिशेनेही नेऊ शकतो आणि ऊर्जा मिळाल्यास उताराविरुद्धही.

वाहिन्यांची निवडक्षमता हा या विषयातील सर्वांत विलक्षण भाग आहे. पोटॅशियमची वाहिनी पोटॅशियमला जाऊ देते आणि त्याहून लहान असलेल्या सोडियमला अडवते. निवड सुमारे दहा हजारास एक इतकी काटेकोर असते. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या वाहिनीची रचना उलगडली, तेव्हा कारण स्पष्ट झाले. मार्गाच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेले आहेत, की पोटॅशियमने मागे सोडलेल्या पाण्याची जागा ते तंतोतंत घेतात. सोडियम लहान असल्याने त्याला या अणूंचा पुरेसा आधार मिळत नाही, आणि पाणी सोडण्याची किंमत भरून निघत नाही. पहिल्या पायरीत सांगितलेला मुद्दा येथे पुन्हा उपयोगी पडतो: आयनाला अडवते ते मुख्यतः त्याच्या भोवतीचे पाणी सोडावे लागणे. बहुतेक वाहिन्यांना दारेही असतात. काही व्होल्टता बदलल्यावर उघडतात, काही विशिष्ट रेणू बांधला गेल्यावर, तर काही पटल ताणले गेल्यावर.

प्रयोगातील आकड्यांवरून वाहक ओळखायचा असेल, तर संहती आडव्या अक्षावर आणि वहनाचा वेग उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. मेदथरातून होणाऱ्या साध्या विसरणात रेषा सरळ वर जाते. वाहक असेल, तर आलेख आधी चढतो आणि मग आडवा होत जातो, कारण नदीवरच्या नावा मोजक्याच असतील, तर काठावर माणसे कितीही वाढली तरी तासाला पलीकडे जाणाऱ्यांची संख्या एका मर्यादेपुढे वाढत नाही. आडवा झालेला आलेख हा वाहकाचा पुरावा आहे, ऊर्जावापराचा नव्हे. या दोहोंची गल्लत परीक्षेत सर्वाधिक गुण घालवते. दुसरा पुरावा निवडीचा: तांबड्या रक्तपेशीवरील ग्लुकोजवाहक डी-ग्लुकोजला सहज नेतो, पण त्याच्या आरशातील प्रतिमेसारख्या एल-ग्लुकोजला जवळजवळ नेत नाही, जरी मेदातील विद्राव्यतेच्या दृष्टीने दोघे सारखेच असले तरी. तिसरा पुरावा स्पर्धेचा: रचनेने जवळचा दुसरा पदार्थ घातल्यावर पहिल्याचा वेग घटतो.

ग्लुकोज सतत आतच का येत राहते, तेही येथेच समजून घ्यावे. पेशीत शिरताच त्याला फॉस्फेट जोडला जातो. ग्लुकोज-फॉस्फेट भारित असल्याने तो बाहेर पडू शकत नाही आणि वाहकालाही ओळखू येत नाही. मुक्त ग्लुकोजची आतील संहती त्यामुळे कमीच राहते, आणि उतार टिकून राहतो.

पाचवी पायरी: ऊर्जा कोण पुरवते, ते तपासा

पदार्थ आपल्या उताराविरुद्ध जात आहे, हे तिसऱ्या पायरीत सिद्ध झाले असेल, तरच हा प्रश्न विचारावा. ऊर्जा थेट एटीपीमधून येत असेल, तर ते प्राथमिक सक्रिय वहन. दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या उतारातून येत असेल, तर ते दुय्यम सक्रिय वहन.

प्राथमिक वहनाचे आदर्श उदाहरण म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. डॅनिश शास्त्रज्ञ जेन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातील चेतांवर काम करताना तो शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका एटीपीच्या मोबदल्यात हा पंप तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. तीन धनभार बाहेर आणि दोनच आत, म्हणून तो पटलाच्या व्होल्टतेतही थोडी थेट भर घालतो. पण त्याचे मोठे योगदान म्हणजे ज्यांच्यावर ती व्होल्टता उभी असते, ते उतार टिकवणे. अनेक प्राणिपेशींच्या एकूण ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग या एकाच पंपावर खर्च होतो, आणि चेतापेशींत हे प्रमाण त्याहूनही अधिक असते. जठराच्या भित्तिकेत आणखी एक प्राथमिक पंप असतो, जो हायड्रोजन आयन बाहेर टाकून पोटॅशियम आत घेतो. पेशीतील पीएच ७ आणि जठररसातील पीएच १ यांच्यातील दहा लाख पटींचा फरक त्याने निर्माण केलेला असतो. ओमेप्राझोल हे आम्लपित्तावरील औषध नेमका हाच पंप बंद करते.

दुय्यम वहन समजण्यासाठी लहान आतड्यातील पेशी पाहावी, कारण एकाच पेशीत एकाच ग्लुकोजचे दोन वेगळे प्रकार तेथे दिसतात. आतड्याच्या पोकळीकडील बाजूला एक सहवाहक प्रथिन असते. ते दोन सोडियम आयन आणि एक ग्लुकोज रेणू एकत्रच आत आणते. सोडियम आपल्या उताराने खाली येतो आणि त्या जोरावर ग्लुकोज चढण चढतो. ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. तिचे सामर्थ्य मोजता येते: सोडियमचा संहतीतील फरक सुमारे १२ पट धरला आणि व्होल्टतेचा जोर त्यात मिळवला, तर एका सोडियमच्या बळावर ग्लुकोज सुमारे दीडशे पटींहून थोडा अधिक साठवता येईल, दोन सोडियम जोडले की या संख्येचा वर्ग होतो, म्हणजे दहा हजार पटींच्याही पुढे. पोकळीतील शेवटचे ग्लुकोजही त्यामुळे शोषून घेता येते. रक्ताकडील बाजूला मात्र ग्लुकोज साध्या वाहकातून, उताराच्या दिशेने, ऊर्जेवाचून बाहेर पडते. आणि आत आलेले सोडियम त्याच बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप बाहेर काढतो. ‘ग्लुकोजचे वहन सक्रिय की निष्क्रिय?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणत्या पेशीच्या कोणत्या बाजूला, हे आधी विचारले पाहिजे.

अतिसारावरील जलसंजीवनी याच सहवाहकावर आधारलेली आहे. पटकीच्या विषाने आतड्यातून क्लोराइड आणि पाणी वाहू लागले, तरी सोडियम-ग्लुकोज सहवाहक शाबूत राहतो. म्हणून नुसते मिठाचे पाणी फारसे उपयोगी पडत नाही, पण त्यात योग्य प्रमाणात ग्लुकोज घातले की सोडियम आत जातो आणि त्याच्यामागे पाणी जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही प्रतिलीटर ७५ मिलिमोल आहेत, आणि सर्व विद्राव्यांची एकूण परासारिता, म्हणजे विरघळलेल्या कणांची एकूण संहती, २४५ मिलिऑस्मोल आहे. साखर वाढवली तर उपाय अधिक चांगला होईल, असे समजणे धोक्याचे आहे: न शोषलेली साखर पाणी आतड्यातच ओढून धरते.

प्राथमिक आणि दुय्यम वहन प्रयोगाने वेगळे करायचे असेल, तर ओआबेन या सोडियम-पोटॅशियम पंप रोखणाऱ्या द्रव्याचा उपयोग होतो. ते घातल्यावर सोडियम-पोटॅशियम पंपाचे स्वतःचे काम तत्काळ थांबते. दुय्यम वहन मात्र काही काळ चालू राहते आणि आतील सोडियम वाढत जाईल तसे मंदावते.

सहावी पायरी: पाण्याचा हिशेब स्वतंत्र करा

पाणी पटलातून दोन वाटांनी जाते: सावकाश मेदथरातून आणि वेगाने अ‍ॅक्वापोरिन या वाहिनीतून. पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने तांबड्या रक्तपेशींतील या प्रथिनाचे कार्य १९९२ मध्ये सिद्ध केले आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मॅकिनन यांच्यासह मिळाले. एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात, पण हायड्रोजन आयन जात नाहीत. तसे झाले असते तर पीएचमधील फरक टिकले नसते. पाण्याला पंप नसतो. पेशी विद्राव्ये हलवते आणि पाणी परासरणाने त्यांच्यामागे जाते.

परासरणाचे प्रश्न तीन टप्प्यांत सोडवावेत. प्रथम दोन्ही बाजूंच्या विद्राव्यांची यादी करावी. नंतर रेणू नव्हे, तर कण मोजावेत: मिठाच्या एका रेणुसूत्राचे दोन कण होतात, म्हणून ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे प्रतिलीटर १५४ मिलिमोलमध्ये, ३०८ मिलिमोल कण असतात, जे रक्तद्रवातील सुमारे २९० च्या जवळ आहेत. तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक विसरला जाणारा: पटलातून जाऊ न शकणारी विद्राव्ये कोणती, ते वेगळे काढावे, कारण पेशीचे अंतिम आकारमान त्यांच्यावरच ठरते.

तांबडी रक्तपेशी प्रतिलीटर ३०० मिलिमोल युरियाच्या द्रावणात ठेवली, तर काय होईल? कणांची संख्या आत-बाहेर सारखीच आहे, म्हणून ‘समपरासारी, काही होणार नाही’ असे उत्तर सर्रास दिले जाते. पण युरिया पटलातून आत शिरतो. तो आत जाताच आतील एकूण कण वाढतात, पाणी मागोमाग येते आणि पेशी फुटते. तेवढ्याच संहतीच्या सुक्रोजमध्ये तीच पेशी सुरक्षित राहते, कारण सुक्रोज आत जाऊ शकत नाही. द्रावण समपरासारी (पेशीचे आकारमान न बदलणारे), अवपरासारी (पेशीत पाणी शिरवणारे) की अतिपरासारी (पेशीतून पाणी ओढणारे), हे केवळ द्रावणाचा गुणधर्म नसून द्रावण आणि पटल या जोडीचा गुणधर्म आहे. वनस्पतिपेशीला भित्तिकेचा आधार असल्याने ती अवपरासारी द्रावणात फुटत नाही, ताठ होते. अतिपरासारी द्रावणात तिचे प्रद्रव्य भित्तिकेपासून सुटते, त्याला रससंकोच म्हणतात.

हे स्वतः मोजायचे असेल, तर बटाट्याचा प्रयोग सर्वांत विश्वासार्ह आहे. प्रतिलीटर ०, ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.५ मोल अशी सुक्रोजची द्रावणे करावीत, ०.१ मोलसाठी लीटरला ३४.२ ग्रॅम सुक्रोज लागते. मीठ वापरू नये, कारण त्याचे आयन हळूहळू ऊतीत शिरतात आणि हिशेब बिघडवतात. एकाच बटाट्यातून साल नसलेल्या, सारख्या जाडीच्या पट्ट्या कापाव्यात, प्रत्येकीचे वजन करावे, दोन तास द्रावणात ठेवाव्यात, टिपकागदाने सारख्याच दाबाने टिपून पुन्हा वजन करावे. बदल ग्रॅममध्ये न लिहिता मूळ वजनाच्या टक्क्यांत लिहावा, कारण पट्ट्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. टक्केवारीची रेषा शून्याला जेथे छेदते, ती संहती ऊतीशी समतोल राखणारी. उकडलेल्या बटाट्याची एक पट्टीही तुलनेसाठी ठेवावी. तिची पटले नष्ट झालेली असल्याने ती या रेषेवर बसत नाही, आणि परासरणासाठी शाबूत पटल लागते हे त्यावरून दिसते.

सूक्ष्मदर्शक असेल, तर ऱ्हीओच्या पानाच्या जांभळ्या खालच्या सालीत रससंकोच स्पष्ट दिसतो. सुक्रोजच्या तीव्र द्रावणात आकसलेली पेशी तशीच राहते. ग्लिसरॉलच्या तितक्याच तीव्र द्रावणात ती आधी आकसते, पण द्रावण न बदलताही नंतर हळूहळू पूर्ववत होऊ लागते, कारण ग्लिसरॉल सावकाश आत शिरत असतो. युरियाबद्दल वर केलेला युक्तिवाद येथे डोळ्यांनी पाहता येतो.

सातवी पायरी: मोठे कण आणि पुटिका

प्रथिने, जीवाणू किंवा मेदकण यांना कोणतीही वाहिनी किंवा वाहक पुरत नाही. तेथे पटल स्वतःच वळते, पदार्थाला वेढते आणि पुटिका बनून आत सुटते. हे पेशीय भक्षण. उलट दिशेने पुटिका पटलात विलीन होऊन आतील द्रव्य बाहेर सोडते, ते पेशी उत्सर्जन. दोन्हींना ऊर्जा लागते. येथे पदार्थ मेदथर ओलांडत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुटिकेच्या आतील पोकळी एका अर्थाने अजूनही ‘बाहेर’च असते. रक्तातील कोलेस्टेरॉलवाहू कण विशिष्ट ग्राही प्रथिनांना चिकटून अशाच प्रकारे आत घेतले जातात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना या शोधासाठी १९८५ चे नोबेल मिळाले.

सर्व पायऱ्या एकत्र: कॅल्शियम

आता एकच आयन घेऊन सर्व प्रश्न ओळीने विचारू. कॅल्शियमवर दोन धनभार आहेत, म्हणून मेदथरातून जाणे अशक्य. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम सुमारे १ ते १.५ मिलिमोल असते आणि आत त्याच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके. संहती आणि व्होल्टता दोन्ही त्याला आत ओढतात. म्हणून आत येण्यासाठी वाहिनी पुरेशी आहे आणि ते वहन निष्क्रिय आहे. बाहेर जाणे मात्र उताराविरुद्ध, म्हणून सक्रियच असले पाहिजे. हृदयाच्या स्नायुपेशीच्या पटलात त्यासाठी दोन यंत्रणा आहेत: एटीपीवर चालणारा कॅल्शियम पंप, आणि तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकणारा विनिमयक. पहिली प्राथमिक, दुसरी दुय्यम.

आता डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील औषध दिले, तर काय होईल, याचे उत्तर पाठ न करता काढता येते. डिगॉक्सिन सोडियम-पोटॅशियम पंपाला अंशतः रोखते. पेशीतील सोडियम वाढते, त्याचा उतार कमी होतो. उतार कमी झाल्याने विनिमयकाचा जोर घटतो आणि कॅल्शियम बाहेर जाण्याचे प्रमाण कमी होते. आत राहिलेले कॅल्शियम पेशीतील साठ्यात भरले जाते आणि पुढच्या ठोक्याला अधिक प्रमाणात सुटते, त्यामुळे आकुंचन जोरकस होते. औषधाने कॅल्शियमच्या एकाही वाहिनीला किंवा पंपाला स्पर्श केलेला नाही. रक्तातील पोटॅशियम या पंपावर डिगॉक्सिनशी स्पर्धा करते. म्हणून पोटॅशियम कमी झाले, की औषधाची तीच मात्रा अधिक तीव्र आणि धोकादायक ठरते, आणि हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम डॉक्टर वेळोवेळी तपासून घेतात.